कागदाचा नंबर

वडोदऱ्याच्या आमच्या घरात माझ्या आजीचे एकच छायाचित्र होते. लग्नानंतर वर्षभरात एका स्टुडिओत काढलेले, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले. आजीला मी पाहिलेले नाही; माझ्यापुरती आजी म्हणजे तो फोटो. त्यात ती दुधासारखी गोरी दिसे. डोळे, भुवया आणि कपाळावरचे कुंकू तेवढे ठळक. नाक कोठे संपते आणि गाल कोठे सुरू होतो ते कळत नसे. आजी सावळी होती असे वडील सांगत. पण "फोटो छान आला आहे" हेही घरात सर्वांचे मत होते.

महाविद्यालयात असताना मी डार्करूमचे काम शिकू लागलो आणि योगायोगाने आजोबांच्या ट्रंकेत त्याच फोटोची निगेटिव्ह सापडली. स्टुडिओतली प्रिंट हार्ड कागदावर, शिवाय प्रकाश हात राखून देऊन केलेली असावी. मी ती निगेटिव्ह प्रथम दोन नंबरच्या आणि मग एक नंबरच्या कागदावर छापली. डेव्हलपरच्या ताटात चेहरा हळूहळू उमटला तेव्हा नथीचे मोती एकेक करून वेगळे दिसले, लुगड्याच्या काठाची वीण दिसली, आणि हनुवटीवर एक लहानसा ठिपका दिसला. मला वाटले निगेटिव्हवर डाग आहे. प्रिंट वाळल्यावर वडिलांना दाखवली. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "आईच्या हनुवटीवर गोंदण होतं. मी विसरूनच गेलो होतो."

विद्यार्थी मित्रहो, निगेटिव्ह तीच, चेहरा तोच. बदलला होता फक्त कागदाचा नंबर. हा नंबर म्हणजे काय, तो कसा ठरवावा आणि तो ठरवताना आपण नेमके काय ठरवत असतो, हे समजावून देण्याचा या लेखात प्रयत्न आहे. गणित थोडे येईल. पण बारावीपर्यंत ज्याने लॉगॅरिथम पाहिले आहे त्याला ते जड जाणार नाही.

ग्रेड म्हणजे काय?

कृष्णधवल छपाईच्या कागदाला जेथे प्रकाश मुळीच लागत नाही तेथे तो डेव्हलप केल्यावर पांढरा राहतो. भरपूर प्रकाश लागतो तेथे तो पूर्ण काळा होतो. चकचकीत कागदाचा हा पूर्ण काळा म्हणजे त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे शंभरावा हिस्साच परत येतो. पांढरे आणि काळे ही दोन टोके सॉफ्ट, नॉर्मल आणि हार्ड या तिन्ही कागदांत जवळजवळ सारखीच असतात. येथेच नवशिक्याचा पहिला गैरसमज होतो. हार्ड कागद "जास्त काळा" असतो असे त्याला वाटते. तसे नसते.

फरक आहे तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाण्याच्या वाटेत. जुन्या वाड्यात तळमजल्यावरून माडीवर जायला कोठे ऐसपैस जिना असतो, तर कोठे भिंतीला टेकवलेली उभी शिडी. माडी दोन्हींना एकाच उंचीवर. जिन्याला पायऱ्या पुष्कळ आणि तो जागाही बरीच घेतो. शिडी दोन हातांच्या जागेत वर नेते. सॉफ्ट कागद हा जिना आणि हार्ड कागद ही शिडी. सॉफ्ट कागदाला पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पोहोचायला प्रकाशात फार मोठी वाढ लागते, म्हणून मधल्या करड्या छटा पुष्कळ मिळतात. हार्ड कागद प्रकाश थोडा वाढताच पांढऱ्यावरून काळ्यावर उडी घेतो. मधल्या छटांना जागाच उरत नाही.

म्हणून ग्रेडची व्याख्या अशी करता येईल: कागदाला जेमतेम करडा करणारा प्रकाश आणि जवळजवळ पूर्ण काळा करणारा प्रकाश, यांचे गुणोत्तर किती, हे सांगणारा आकडा म्हणजे त्या कागदाची ग्रेड. गुणोत्तर मोठे तर कागद सॉफ्ट, लहान तर हार्ड.

हा फरक येतो कोठून?

कागदावरच्या जिलेटिनच्या थरात सिल्व्हर क्लोराइड आणि सिल्व्हर ब्रोमाइड यांचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. सर्वसाधारणपणे मोठा स्फटिक थोड्या प्रकाशाने जागा होतो, लहान स्फटिकाला जास्त प्रकाश लागतो. थरात लहानमोठे सर्व आकार मिसळलेले असले तर प्रकाश वाढत जाईल तसतसे ते पाळीपाळीने जागे होतात आणि काळेपणा सावकाश चढतो. हा सॉफ्ट कागद. सर्व स्फटिक जवळजवळ एकाच मापाचे असले तर ते एकदमच जागे होतात. हा हार्ड कागद. वर्गात विद्यार्थ्यांना प्रश्न विचारावा आणि हात एकामागून एक वर यावेत, किंवा सगळे हात एकाच वेळी वर जावेत, एवढाच हा फरक.

पूर्वी प्रत्येक नंबरचे वेगळे पाकीट घ्यावे लागे. लहान स्टुडिओवाल्याजवळ दोन-तीन नंबरांची पाकिटे असत आणि नेमका हवा तो नंबर संपलेला असे. इल्फोर्ड कंपनीने १९४० साली मल्टिग्रेड कागद आणला. त्यात एकाच कागदावर, एन्लार्जरच्या प्रकाशाचा रंग बदलून, सॉफ्टपासून हार्डपर्यंतची ग्रेड मिळते. आजच्या अशा कागदांतील युक्ती सुंदर आहे. थरात दोन किंवा तीन प्रकारची रसायने मिसळलेली असतात. निळ्या प्रकाशाला ती सर्व सारखाच प्रतिसाद देतात, पण हिरव्या प्रकाशाला त्यांचा प्रतिसाद कमीजास्त असतो. मॅजेंटा फिल्टर हिरवा प्रकाश अडवतो. केवळ निळा उरतो. सर्व रसायने एकदम काळी होतात आणि कागद हार्ड वागतो. पिवळा फिल्टर निळा अडवतो. हिरव्या प्रकाशात ती पाळीपाळीने काळी होतात आणि कागद सॉफ्ट वागतो. आता ठरावीक ग्रेडचा वेगळा कागद करणाऱ्या कंपन्या फार थोड्या उरल्या आहेत. कोडॅकने कृष्णधवल कागद बनवणे २००५ साली थांबवले. उटकमंडच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' कागदही गेला. डार्करूममध्ये काम करणारे आज बहुतेक मल्टिग्रेड कागदच वापरतात. पण विचार करण्याची रीत तीच आहे.

नंबर आणि त्यांचे अर्थ

पाकिटावरचा नंबर हे वजन-मापासारखे पक्के परिमाण नव्हते, हे लक्षात ठेवले पाहिजे. कोडॅक आणि इल्फोर्ड यांच्या कागदावर २ म्हणजे नॉर्मल. आग्फाच्या ब्रोव्हिरा कागदावर मात्र ३ म्हणजे नॉर्मल. त्यामुळे एका कंपनीचा कागद संपला म्हणून दुसरीचा त्याच नंबरचा आणला की छायाचित्राची चर्याच बदले, आणि दोष डेव्हलपरवर जाई. हा घोळ टाळण्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेने प्रकाशाच्या पल्ल्याचे माप ठरवून दिले. त्याला आयएसओ-आर म्हणतात. वर सांगितलेल्या गुणोत्तराचा लॉगॅरिथम घ्यायचा आणि त्याला १०० ने गुणायचे, की हा आकडा मिळतो. इल्फोर्डने आपल्या मल्टिग्रेड-४ या प्लास्टिकलेपित कागदासाठी फिल्टरनुसार दिलेले आकडे आणि त्यावरून काढलेले प्रकाशाचे गुणोत्तर असे आहे:

फिल्टर ०० : आर १८० : सुमारे ६३ पट
फिल्टर ० : आर १६० : सुमारे ४० पट
फिल्टर १ : आर १३० : सुमारे २० पट
फिल्टर २ : आर ११० : सुमारे साडेबारा पट
फिल्टर ३ : आर ९० : सुमारे ८ पट
फिल्टर ४ : आर ६० : सुमारे ४ पट
फिल्टर ५ : आर ४० : सुमारे अडीच पट

हा तक्ता सावकाश वाचावा. दोन नंबरवर, पांढऱ्याच्या काठावरच्या प्रकाशाच्या साडेबारा पट प्रकाश मिळाला की कागद काळा होतो. पाच नंबरवर अडीच पट पुरे. म्हणजे निगेटिव्हच्या सर्वांत दाट आणि सर्वांत विरळ भागांतून येणाऱ्या प्रकाशात अडीच पटीपेक्षा अधिक अंतर असेल, तर पाच नंबरचा कागद त्यातले काही ना काही गिळणारच. ते एकतर पांढऱ्यात बुडेल, नाहीतर काळ्यात. आजीच्या फोटोत गोंदण आणि मोती असेच पांढऱ्यात बुडाले होते.

निगेटिव्हची बाजू

कागद निवडायचा तो निगेटिव्हला अनुसरून. म्हणून निगेटिव्हचा पल्ला कसा ठरतो ते पाहू. खालचे आकडे ढोबळ आहेत, पण दिशा दाखवायला पुरेसे आहेत.

स्वच्छ उन्हातल्या सामान्य दृश्यात सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद भागांचे प्रमाण सुमारे १६० ला १ धरतात. त्याचा लॉगॅरिथम २.२. कॅमेऱ्याच्या आत प्रकाश इकडेतिकडे विखुरल्यामुळे गडद भाग थोडे उजळतात आणि हे अंतर सुमारे १.८५ पर्यंत खाली येते. फिल्म नेहमीच्या रीतीने डेव्हलप केली तर ती हे अंतर सुमारे ०.६ पटीने आवळते. १.८५ गुणिले ०.६ म्हणजे सुमारे १.१. तक्त्यात पाहा: आर ११०, म्हणजेच दोन नंबर. दोन नंबरला नॉर्मल का म्हणतात याचे उत्तर येथे आहे. सामान्य ऊन, सामान्य डेव्हलपिंग आणि दोन नंबरचा कागद यांची गाठ मुद्दाम घालून दिलेली आहे.

आता आषाढातला दिवस घ्या. आकाश भरून आलेले, सावल्या नाहीत. दृश्यातले प्रमाण जेमतेम २० ला १. लॉगॅरिथम १.३; विखुरलेल्या प्रकाशाचे थोडे वजा करून १.२, गुणिले ०.६ म्हणजे ०.७२. ही निगेटिव्ह दोन नंबरवर छापली तर सारे चित्र राखेसारखे करडे येईल. तिला तीन आणि चार यांच्या मधला नंबर हवा. उलट वैशाखात घराच्या ओसरीत बसलेली माणसे आणि मागे रणरणते अंगण असे दृश्य घेतले तर प्रमाण १००० ला १ वरही जाते. लॉगॅरिथम ३, वजावट करून २.५, गुणिले ०.६ म्हणजे १.५. येथे शून्य किंवा एक नंबर लागेल.

सुट्या शीट फिल्मवर काम करणारा प्रत्येक निगेटिव्ह वेगळी डेव्हलप करून हे अंतर सांभाळू शकतो. रोल वापरणाऱ्याला ती सोय नाही. आमच्या वडोदऱ्यात न्यू इंडिया इंडस्ट्रीजने आग्फाच्या नावाने क्लिक-३ हा साधा पेटी-कॅमेरा बनवला. मध्यमवर्गीय घरांतून तो अतिशय लोकप्रिय होता. १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो, शटरचा वेग एकच, आणि ऊन की ढग एवढीच निवड. एकाच रोलवर मुंज, सहलीतला धबधबा आणि संध्याकाळी अंगणात बसलेले आजोबा. बाराही निगेटिव्ह एकाच टाकीत, एकाच वेळाने डेव्हलप होणार. तेव्हा प्रत्येक चित्राला न्याय देण्याची शेवटची संधी उरते ती कागदाच्या नंबरातच.

आणखी एक गोष्ट. कंडेन्सर-भिंगांच्या एन्लार्जरमध्ये निगेटिव्हच्या दाट भागांतून प्रकाश अधिक विखुरला जातो आणि तो भिंगापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे तीच निगेटिव्ह दुधी काचेच्या एन्लार्जरपेक्षा कंडेन्सरवर सुमारे एका नंबराने हार्ड छापली जाते. मित्राने "मी तीन नंबरवर छापली" असे सांगितले तर त्याचा एन्लार्जर कोणता हेही विचारावे.

करून पाहण्याजोगा प्रयोग

कोणत्याही कागदाची ग्रेड निगेटिव्हशिवाय मोजता येते. एन्लार्जरमध्ये निगेटिव्ह न ठेवता, छिद्र लहान करून, कागदाची एक लांब पट्टी खाली ठेवा. तिच्यावर अकरा खणांच्या खुणा करा. प्रथम सर्व पट्टीला २ सेकंद प्रकाश द्या. मग पुठ्ठ्याने एक खण झाकून १ सेकंद, दोन खण झाकून १, आणि त्यापुढे प्रत्येक वेळी एकेक खण अधिक झाकत २, २, ३, ५, ७, ९, १३ आणि शेवटी १९ सेकंद द्या. म्हणजे खणांना मिळालेला एकूण प्रकाश २, ३, ४, ६, ८, ११, १६, २३, ३२, ४५ आणि ६४ सेकंद असा होईल. प्रत्येक खण आधीच्या सुमारे १.४ पट. लॉगॅरिथमच्या भाषेत एकेक पायरी ०.१५ ची.

पट्टी पूर्ण वेळ डेव्हलप करून, हायपोतून काढून, धुऊन वाळवा. मग दिवसाच्या उजेडात पाहा. कागदाच्या पांढऱ्याहून जेमतेम वेगळा दिसणारा पहिला खण कोणता, आणि पुढच्याहून वेगळा ओळखू येणारा शेवटचा काळा खण कोणता? या दोहोंमधल्या पायऱ्या मोजा आणि १५ ने गुणा. सात पायऱ्या आल्या तर १०५, म्हणजे जवळजवळ दोन नंबर. चार आल्या तर ६०, म्हणजे चार नंबर. दहा आल्या तर कागद शून्याच्या आसपास आहे. पट्टीवर पांढरे किंवा काळे टोक येतच नसेल तर छिद्र बदलून पुन्हा करावे. जुन्या पाकिटावरचा नंबर पुसला गेला असेल, किंवा दोन कंपन्यांचे कागद ताडून पाहायचे असतील, तर या पट्टीसारखा साक्षीदार नाही. भौतिकशास्त्राच्या प्रयोगवहीतही हा प्रयोग शोभून दिसेल.

प्रत्यक्ष छापताना क्रम असा ठेवावा. आधी उजळ भागांकडे पाहून वेळ ठरवावी: चेहऱ्याचा उजळ भाग, पांढरे धोतर, चुन्याची भिंत यांत पोत दिसतो ती वेळ बरोबर. मग गडद भागांकडे पाहून नंबर ठरवावा. केस आणि सावल्या करड्या, मळकट वाटल्या तर नंबर वाढवा. त्या डांबरासारख्या सपाट झाल्या तर कमी करा. उजळ भागाने वेळ, गडद भागाने नंबर, हे सूत्र पाठ करून ठेवावे. नंबर बदलला की वेळेची चाचणी पुन्हा घ्यावी. वेगवेगळ्या ग्रेडच्या कागदांचा वेग वेगळा असतो. इल्फोर्डच्या फिल्टरांत ०० पासून साडेतीनपर्यंत वेळ तीच चालते; चारपासून पुढे दुप्पट लागते.

फसवे नंबर

पुष्कळदा कागद निर्दोष असतो आणि आपली कार्यपद्धतीच त्याचा नंबर बिघडवते. आपल्या हवेत याचे मोठे कारण उष्णता. डेव्हलपर २० अंश सेल्सियसला धरून वेळा दिलेल्या असतात. वडोदऱ्यात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी हाताला चटका देते. अशा पाण्यात बनवलेल्या डेव्हलपरमध्ये चित्र अर्ध्या मिनिटात धावत वर येते आणि घाबरून आपण ते दीड मिनिट पुरे होण्याआधीच बाहेर ओढतो. काळा रंग पुरता भरतच नाही, चित्र मळकट दिसते, आणि आपण म्हणतो कागद सॉफ्ट निघाला. यावर उपाय साधा आहे: डेव्हलपरचे ताट मोठ्या परातीत ठेवावे, परातीत बर्फ आणि पाणी घालावे. चित्र लवकर काळे होत असेल तर एन्लार्जरची वेळ कमी करावी, डेव्हलपरची नव्हे.

दुसरे कारण जुना किंवा दमट हवेत ठेवलेला कागद. त्याचा पांढरा आधीच करडा झालेला असतो. तळमजलाच वर उचलला गेला, तर जिना आखूड होणारच. तिसरे कारण डार्करूमचा दिवा. तो सुरक्षित आहे की नाही हे पाहायला, एन्लार्जरखाली किंचित करडा येईल एवढा प्रकाश दिलेल्या कागदाच्या तुकड्यावर एक नाणे ठेवा, पाच मिनिटे दिव्याखाली राहू द्या आणि डेव्हलप करा. नाण्याचा ठसा दिसला तर दिवा बदला. या तीन गोष्टी तपासल्याशिवाय कागदाच्या नंबरावर मत देऊ नये.

कोणता नंबर बरोबर?

येथपर्यंतचे उत्तर मोजमापाचे होते. पण आजीच्या फोटोतला प्रश्न केवळ मोजमापाचा नाही.

वडोदऱ्यात छायाचित्रणाची विद्या जुनी आहे. सयाजीराव गायकवाडांनी १८९० साली स्थापन केलेल्या कलाभवनात दादासाहेब फाळके छायाचित्रण आणि चित्रछपाईची तंत्रे शिकले. पुढे त्यांनी गोध्र्याला फोटोचा स्टुडिओही चालवला. १९५० साली महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा सुरू झाली. तेथे नारायण श्रीधर बेंद्रे यांच्या हाताखाली चित्रकला शिकलेल्या पहिल्या विद्यार्थ्यांत ज्योती भट्ट होते. ते नामांकित मुद्राचित्रकार झाले, त्याच संस्थेत त्यांनी दीर्घकाळ शिकवले, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून, अनेकदा राघव कनेरियांच्या सोबतीने, खेडोपाडी हिंडून भिंतींवरच्या आणि अंगणांतल्या लोकचित्रांची छायाचित्रे घेतली. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी टिपलेल्या कलांमध्ये राजस्थानच्या मीणा स्त्रियांची मांडणा चित्रे आहेत. आपल्याकडे रांगोळी, कर्नाटकात रंगवल्ली, तशी ही मांडणा. पण भिंतीवरही काढलेली. ती दरवर्षी सणाला पुसून पुन्हा काढली जात, आणि मातीची भिंत गेली की चित्रही जाई. पुष्कळ ठिकाणी आता छायाचित्रच उरले आहे.

अशा भिंतीची एखादी निगेटिव्ह आपल्या हाती आली आहे असे समजा. चार नंबरवर छापली तर पांढरी आकृती काळ्या पार्श्वभूमीवर झळकून उठेल. भिंतीवर टांगायला ती प्रिंट देखणी. पण मातीत मिसळलेला भुसा, बोट ओढताना विरळ होत गेलेला चुना, गेल्या वर्षीच्या चित्राची पुसट खूण आणि दारातल्या सावलीत उभी असलेली चितारी स्त्री, हे सर्व त्या काळ्या-पांढऱ्यात नाहीसे होईल. दोन नंबरवर तीच प्रिंट प्रथमदर्शनी थोडी मवाळ वाटेल, पण तिच्यात भिंत आहे, बोटे आहेत आणि बाई आहे. ज्याला पुढे पन्नास वर्षांनी ते चित्र कसे काढत हे जाणून घ्यायचे असेल, त्याला ही दुसरी प्रिंट उपयोगी पडेल.

याचा अर्थ हार्ड कागद वाईट असा मुळीच नाही. मोडी लिपीतल्या जुन्या पिवळ्या पडलेल्या कागदाची नक्कल करायची असेल, तर शाई फिकी आणि कागद मळका. तेथे चार-पाच नंबरच हवा, कारण आपल्याला अक्षर वाचायचे आहे, कागदाचे डाग पाहायचे नाहीत. पावसाळी निगेटिव्हलाही हार्ड कागदच जीव देतो. चित्रकाराला मुद्दाम काळ्या-पांढऱ्याचा खेळ करायचा असेल तर तो त्याचा अधिकार आहे. मात्र हार्ड कागदाने काही वगळले जाते, आणि काय वगळायचे हे आपण जाणून ठरवले पाहिजे.

माणसाच्या चेहऱ्याच्या बाबतीत तर फारच जाणून. सावळ्या त्वचेत अनेक छटा असतात. गाल, कपाळ, डोळ्यांखालची जागा यांत सूक्ष्म फरक असतात आणि त्यांतूनच चेहरा घडतो. त्वचा पांढऱ्याच्या काठावर ढकलून "गोरा फोटो" काढण्याची चाल आपल्याकडे फार होती. लग्न जुळवताना पाठवायच्या फोटोंत तर ती सर्रास होती. आजीच्या फोटोग्राफरने वाईट हेतूने काही केले असेल असे मला वाटत नाही. गिऱ्हाइकाला आवडते ते त्याने दिले, आणि गिऱ्हाईक खूशही झाले. पण त्या खुशीत तिचे गोंदण गेले, आणि तिच्या स्वतःच्या मुलाच्या आठवणीतूनही ते गेले. निगेटिव्ह ट्रंकेत राहिली नसती तर ते कायमचेच गेले असते.

आज तुमच्यापैकी फार थोड्यांच्या हाती डार्करूम येईल. पण प्रत्येकाच्या फोनमध्ये कॉन्ट्रास्टची एक सरकपट्टी आहे आणि चेहरा उजळ करणारे बटनही आहे. ती पट्टी सरकवताना तुम्ही नंबर एकपासून पाचपर्यंतच फिरत असता. फरक एवढाच की पाकीट फोडावे लागत नाही. म्हणून शक्य असेल तेथे मूळ चित्र जपून ठेवा. ती तुमची निगेटिव्ह.

सारांश असा. ग्रेड म्हणजे कागदाच्या प्रकाशाच्या पल्ल्याचे माप. निगेटिव्हचा पल्ला आणि कागदाचा पल्ला जुळला की छपाई पुरी उतरते. उजळ भागाने वेळ ठरवावी, गडद भागाने नंबर. कागदाला दोष देण्याआधी ताप, जुनेपणा आणि दिवा तपासावा. आणि या सर्वांनंतर, प्रिंट वाळल्यावर, ज्याने ते माणूस किंवा ती वस्तू प्रत्यक्ष पाहिली आहे त्याला ती दाखवावी. आमच्या दिवाणखान्यात आता एक नंबरची प्रिंट आहे. पुठ्ठ्यावरची जुनी प्रिंटही मी टाकलेली नाही. ती तिच्यामागेच, त्याच चौकटीत ठेवली आहे.